पन्नास हजार येन आणि वरचा एक

लग्नाच्या निमित्ताने कोणताही समाज आपली वही उघडी करतो. कोणाला बोलावले, कोठे बसविले, ताटात काय वाढले, पाकिटात किती घातले आणि परत काय दिले, या पाच प्रश्नांच्या उत्तरांत त्या समाजाचे बरेचसे अंतरंग कळते. परक्या देशातील लग्नास जाणारा मनुष्य म्हणूनच केवळ पाहुणा राहत नाही. तो नकळत तपासनीस होतो आणि तपासणी करता करता त्याच्या स्वतःच्या वहीतील रकमाही त्याला निराळ्या दिसू लागतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांपासून हळदीची अडत चालविणाऱ्या एका घरातील पति-पत्नींना गेल्या नोव्हेंबरात असा योग आला. बाजारपेठ ज्यांना अण्णा म्हणते ते गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी माई, हे दोघे जपानमधील कोबे शहरी एका लग्नास जाऊन आले. वर होता अण्णांच्या पेढीकडून पंचवीस वर्षे हळद घेणाऱ्या एका वृद्ध मसाला-व्यापाऱ्याचा नातू. आपली हळद जपानात करी पावडरीत जाते; तिकडे तिला 'उकोन' म्हणतात. २००५ च्या महापुरात हरिपूर आणि सांगलीवाडी येथील हळदीची पेवे पाण्याखाली गेली, तेव्हा या पेढीला ठरलेला माल वेळेवर पाठविणे अशक्य झाले होते. कोबेच्या खरेदीदाराने त्या वेळी करार मोडला नाही. पुढच्या हंगामापर्यंत तो थांबला आणि भावही ठरलेलाच ठेवला. हे ऋण कोणत्याही खातेवहीत मांडलेले नव्हते. म्हणूनच निमंत्रण आल्यावर जावे की न जावे, हा प्रश्न अण्णांच्या घरी निघालाच नाही.

मात्र निघण्याची वेळ अडचणीची होती. धाकट्या कन्येचे लग्न फेब्रुवारीत ठरले होते. निमंत्रितांची यादी १८०० वर पोहोचली होती आणि खर्चाचा अंदाज ३७ लाखांवर. त्यांपैकी २२ लाख हाताशी होते. उरलेले १५ लाख पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलावेत, असे अण्णांनी मनाशी ठरविले होते. फेब्रुवारी म्हणजे नव्या हळदीची आवक वाढू लागण्याचा काळ. त्याच महिन्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या वेळेवर चुकत्या करण्यासाठी हाच पैसा लागतो. हा पेच डोक्यात घेऊनच अण्णा विमानात बसले.

पत्रिका आणि 'सहकुटुंब'

पहिला फरक घरबसल्याच कळला होता. पत्रिकेसोबत उत्तराचे पोस्टकार्ड आले होते. त्यावर 'उपस्थित राहणार' आणि 'राहणार नाही' असे दोन पर्याय छापलेले असतात. हे शब्द यजमानाने पाहुण्यासाठी आदरार्थी रूपात छापलेले असल्याने उत्तर देताना पाहुण्याने त्या शब्दांवरील आदरवाचक अक्षर आपल्या हाताने खोडावयाचे असते. दुसऱ्याने दिलेला मान स्वतःच्या लेखणीने कमी करून मगच होकार कळवायचा, असा हा शिष्टाचार आहे.

पत्रिकेवर नावे दोघांचीच होती. आपल्याकडील पत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द नसले तर मानापमान होतो. जपानात ज्याचे नाव लिहिले तोच निमंत्रित. पतीचे नाव असेल आणि पत्नीचे नसेल, तर ती घरी राहते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. अण्णांच्या कन्येला जावयाची फार इच्छा होती. कोबेत मोत्यांचा व्यापार करणारे एक गुजराती जैन गृहस्थ अण्णांच्या परिचयाचे. त्यांना फोनवर विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अण्णासाहेब, हे विचारूच नका. तुम्ही विचारलेत तर ते नाही म्हणणार नाहीत, पण त्यांना बसण्याची सारी रचना पुन्हा करावी लागेल." खरोखरच तेथे प्रत्येक खुर्ची आधी ठरलेली असते. प्रत्येक पाहुण्याच्या जागेवर त्याच्या नावाचे कार्ड असते आणि बसण्याचा नकाशा दारातच हाती दिला जातो. या लग्नात निमंत्रित होते साठच्या आसपास.

मुहूर्ताची गोष्ट मात्र ओळखीची निघाली. जपानी दिनदर्शिकेत सहा दिवसांचे एक जुने चक्र चालते. त्यातील 'ताइआन' हा दिवस सर्व कार्यांस शुभ, तर 'बुत्सुमेत्सु' हा अशुभ. ताइआनला शनिवार-रविवार जुळून आला की हॉटेलांतील सभागृहे मिळणे कठीण होते आणि बुत्सुमेत्सुच्या दिवशी तीच सभागृहे सवलतीत मिळतात. मुहूर्ताला बाजारभाव असतो, हे मंगल कार्यालयाची आगाऊ रक्कम भरलेल्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पाकीट

अण्णांना सर्वांत अधिक कुतूहल होते ते आहेराचे. जपानात लग्नाचा आहेर प्रायः रोख असतो. त्याला 'गोशूगी' म्हणतात आणि त्याचे नियम एखाद्या बँकेच्या नियमपुस्तिकेला शोभतील इतके रेखीव आहेत. मित्र किंवा सहकारी असल्यास ३० हजार येन ही रूढ रक्कम. वरिष्ठ आणि नातेवाईक त्याहून अधिक देतात. पती-पत्नी दोघे निमंत्रित असतील तर ५० हजार येन, म्हणजे सुमारे २८ हजार रुपये. पहिला अंक विषम असावा, कारण सम रक्कम दोघांत सारखी वाटली जाते आणि नवदांपत्याच्या वाट्याला विभागणी येऊ नये. चार हा आकडा वर्ज्य, कारण त्याचा उच्चार 'मृत्यू' या शब्दासारखा आहे. नऊ विषम असूनही वर्ज्य, कारण त्याच्या उच्चारात 'क्लेश' ऐकू येतो.

नोटा कोऱ्या असाव्या लागतात. बँकेत जाऊन त्या मुद्दाम बदलून घेतात. कोरी नोट म्हणजे 'या दिवसाची आम्ही आधीपासून तयारी केली होती' असा निरोप. याच न्यायाने अंत्यविधीच्या पाकिटात कोरी नोट घालीत नाहीत. तेथे आधीपासून तयारी दिसणे अशोभनीय ठरते. पाकिटावर पीळ दिलेल्या कागदी दोऱ्यांची गाठ असते. बाळाच्या जन्मासारख्या पुन्हा पुन्हा यावे अशा आनंदासाठी सहज सुटणारी गाठ आणि लग्नासाठी न सुटणारी. आतील पाकिटावर रक्कम लिहावयाची ती साध्या अंकचिन्हांनी नव्हे, तर दस्तऐवजांत वापरल्या जाणाऱ्या गुंतागुंतीच्या चिन्हांनी. जपानी लिपीत एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे अनुक्रमे एक, दोन आणि तीन आडव्या रेघा. एखादी रेघ वाढविली की रक्कम बदलते. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहून पुढे 'फक्त' लिहिण्यामागील हेतू आणि हा हेतू एकच आहे. पाकीट रेशमी रुमालात गुंडाळून न्यायचे, स्वागतकक्षात रुमाल सोडून दोन्ही हातांनी द्यायचे आणि नोंदवहीत स्वतःचे नाव-पत्ता लिहायचा. आपल्याकडे आहेराची वही लग्नघरचा एखादा विश्वासू नातलग लिहितो, तेथे पाहुणाच आपली नोंद करतो.

मोत्यांच्या व्यापाऱ्यांनी पाच कोऱ्या नोटा आणून ठेवल्या होत्या. ३ जुलै २०२४ पासून चलनात आलेल्या दहा हजार येनच्या नोटेवर शिबुसावा एइइची यांचे चित्र आहे. १८७३ मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभारण्यात यांचाच पुढाकार होता. नीतिवचने आणि गणकफळी, म्हणजे सदाचार आणि हिशेब, ही दोन्ही व्यापाऱ्याच्या हाती एकत्र असली पाहिजेत, असे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. हिंदुस्थानाशीही त्यांचा धागा जुळलेला आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, तेव्हा शिबुसावा यांच्याशी त्यांची बोलणी झाली आणि त्याच वर्षी मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजांची फेरी सुरू झाली. मुंबई बंदरातून कापूस त्या वाटेने कोबेला जाऊ लागला. आज हळदीचे कंटेनर ज्या बंदरात उतरतात, तेच हे बंदर.

नोटा पाकिटात घालताना अण्णांनी खिशातून एक येनचे नाणे काढले. आपल्याकडे ५०० चे ५०१ होतात आणि १००० चे १००१. तो वरचा एक रुपया रक्कम न विभागली जाण्यासाठी आणि पुढील वाढीचे बीज म्हणून असतो. पण जपानात पाकिटात नाणे घालण्याची रीत नाही. पन्नास हजारांतील 'पाच' हाच तेथे विषम धरला जातो. दोन देशांनी एकच भीती बाळगली आणि तिच्यावर दोन निराळे उपाय शोधले. हातात राहिलेला तो येन दुसऱ्या दिवशी कितानो भागातील महावीरस्वामींच्या मंदिरातील भंडारात पडला. १९८५ साली कोबेच्या जैन बांधवांनी उभारलेले हे संगमरवरी मंदिर. अण्णा आणि माई दिगंबर, मंदिर श्वेतांबर परंपरेचे. पण मायदेशापासून इतक्या दूर कोणी पंथ विचारला नाही.

रंग आणि शब्द

लग्नाचा विधी शिंतो पद्धतीने, कोबेतील इकुता देवस्थानात झाला. देवस्थानात जाऊन लग्न लावण्याची ही पद्धत प्राचीन दिसत असली, तरी तिचा प्रसार झाला तो १९०० साली तत्कालीन युवराजांचा विवाह शिंतो विधीने झाल्यानंतर. त्यापूर्वी लग्ने मुख्यतः घरीच होत. आज तर पुष्कळ जपानी वधूवर ख्रिस्ती धर्माचे नसूनही चर्चसारख्या सभागृहात, पाश्चात्त्य पोशाखात लग्न करतात. त्या देशात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे परंपरा म्हणून आपण ज्यास कवटाळतो ते किती जुने असते, असा प्रश्न पडतो. आपल्याकडील संगीत आणि मेंदीचे सोहळे तीस वर्षांपूर्वी सांगलीत कोणाच्या घरी होत होते, हेही आठवून पाहावे.

वधू नखशिखांत पांढऱ्या किमोनोत होती. मस्तकावरही पांढरे आच्छादन. माई प्रथम बावरल्या. परंतु गुजराती घरांतील पानेतर पांढरेच असते, हे त्यांना लगेच आठवले. खरा धक्का पुढेच होता. वधूची आई आणि वराची आई, दोघी काळ्या किमोनोत होत्या. त्यावर कुलचिन्हाचे पाच पांढरे ठसे. विवाहित निकट नातलग स्त्रियांचा तो सर्वांत मानाचा पोशाख आहे. आपल्याकडे शुभकार्यात काळे वर्ज्य, पण सौभाग्याचे मणी काळेच आणि संक्रांतीला काळी साडी मुद्दाम घेतात. रंगाला स्वतःचा शकुन नसतो. तो देणाऱ्या समाजाने दिलेला असतो, हे काळ्या मण्यांची पोत गळ्यात घालून काळ्या किमोनोकडे पाहणाऱ्या माईंना सांगावे लागले नाही.

शब्दांचेही तसेच. जपानी लग्नातील भाषणात 'कापणे', 'तुटणे', 'संपणे', 'परत जाणे' असे शब्द उच्चारीत नाहीत. 'पुन्हा पुन्हा' यासारखे द्विरुक्त शब्दही टाळतात, कारण त्यांत दुसऱ्या लग्नाची सूचना येते. केक 'कापत' नाहीत. त्यात 'सुरीचा प्रवेश' होतो. समारंभ 'संपत' नाही, तो 'उघडतो'. मोत्यांच्या व्यापाऱ्यांनी हे सांगितले तेव्हा अण्णा हसले. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवितात. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आणि कोणताही जुना व्यापारी रात्री दुकान 'बंद' करीत नाही, तो दुकान 'वाढवितो'. हजारो मैलांवरच्या दोन बाजारपेठांनी आपापल्या भाषेत अशुभाला एकाच रीतीने दाराबाहेर ठेवले आहे.

ताट

व्रतस्थ घराच्या दृष्टीने परदेशातील जेवण ही सर्वांत कठीण परीक्षा. जपानी लग्नात अखंड शिजविलेला 'ताइ' मासा शुभ मानतात, कारण त्याचे नाव 'मंगल' या अर्थाच्या शब्दात ऐकू येते. शिवाय मासा दिसत नसला तरी असतोच. सूप, आमटी, भाज्या, सर्वांचा आधार असलेला 'दाशी' नावाचा अर्क बहुधा सुकविलेल्या माशाचा असतो. भाज्यांत मुळा, गाजर, कमळकंद. 'मी शाकाहारी आहे' एवढे म्हणून तेथे भागत नाही.

वृद्ध यजमानांनी दोन महिने आधी अण्णांकडून वर्ज्य पदार्थांची यादी मागविली होती. मासे, मांस, अंडी येथपर्यंत त्यांना समजले. कांदा, लसूणही समजला, कारण जपानी बौद्ध मठांतील 'शोजिन' पाकपद्धतीत या उग्र वर्गातील भाज्या वर्ज्यच आहेत. तेथे दाशीही समुद्रशैवालाची करतात. बटाटा आणि गाजर का नको, हे मात्र त्यांना कळेना. अण्णांनी पत्रातून कळविले की कंदमूळ उपटले म्हणजे वनस्पती मुळासकट जाते आणि जमिनीतील सूक्ष्म जीवांचाही घात होतो. त्यावर त्यांचा पुढील प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असा होता: "मग हळद कशी चालते?" हळद कंदच आहे. ओली हळद न खाणारी आपली घरे वाळलेली हळद आणि सुंठ वापरतात. तिच्यातील ओल गेलेली असते आणि ती औषधाप्रमाणे अल्प प्रमाणात लागते. हा खुलासा वाचून यजमानांनी हॉटेलच्या प्रमुख स्वयंपाक्यास स्वतः दोनदा फोन केला, असे नंतर कळले.

भोजनसमारंभ दुपारचा असल्याने सूर्यास्ताची चिंता नव्हती. अण्णा-माईंसमोर आले ते समुद्रशैवालाच्या अर्कातील टोफू, भोपळा, पालक आणि लाल चवळीसारख्या दाण्यांचा मंगल भात. शुभेच्छांचा पेला उंचावण्याचा क्षण आला, तेव्हा अण्णांच्या पेल्यात ऊलाँग चहा होता. शेजारच्या पाहुण्याने तो पाहिला आणि काहीही न विचारता मान लवविली. व्रत सांभाळण्यासाठी वाद घालावा लागला नाही. आधी, स्पष्टपणे आणि नम्रपणे सांगावे लागले, एवढेच. ऐनवेळी ताट परत करणारा पाहुणा यजमानाला लाजवितो. दोन महिने आधी यादी पाठविणारा त्याला आदरातिथ्याची संधी देतो.

निघताना प्रत्येक पाहुण्याला भेटवस्तूंची पिशवी मिळते. तिच्यात सुकविलेल्या माशाचे काप देण्याची जुनी रीत आहे. इतरांच्या पिशव्यांत ते होते. अण्णांच्या पिशवीत त्या जागी हिरव्या चहाचा डबा होता.

कागद आणि विधी

देवस्थानात वधूवरांनी तीन लहान-मोठ्या पात्रांतून प्रत्येकी तीन घोट घेतले आणि देवासमोर हिरवी डहाळी अर्पण केली. सप्तपदी नाही, अक्षता नाहीत, मंगलाष्टके नाहीत, बँड नाही. माईंनी हळूच विचारले, "अहो, मग लग्न नेमके लागले कधी?"

उत्तर अनपेक्षित होते. लग्न आधीच लागले होते, नगरपालिकेच्या कचेरीत. जपानात विवाह कायदेशीर होतो तो नोंदणीचा अर्ज दाखल झाल्यावर. त्यावर वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. देवस्थानातील अथवा चर्चमधील विधीस कायद्याच्या दृष्टीने काहीही महत्त्व नाही. त्या अर्जातच पती-पत्नीने एक समाईक आडनाव निवडावे लागते, कारण जपानी नागरी संहितेचे कलम ७५० दोघांस निराळी आडनावे ठेवू देत नाही. आडनाव कोणाचे, हे कायदा सांगत नाही; व्यवहारात बहुतेक सर्वत्र पत्नीच आपले सोडते.

आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार विवाह रूढ विधींनी संपन्न होतो आणि जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. नोंदणी हा पुरावा आहे. ती विवाह घडवीत नाही. विधी झालाच नसेल तर केवळ प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. परदेशस्थ मुला-मुलींच्या व्हिसासाठी 'आधी नोंदणी करून घेऊ, लग्न नंतर लावू' असा मार्ग काढणाऱ्या घरांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

सर्वांत मागचे टेबल

आता ज्या गोष्टीने अण्णांना अंतर्मुख केले, तिच्याकडे वळावे. भोजनाच्या सभागृहात वधूवरांच्या सर्वांत जवळची टेबले वरिष्ठांची आणि व्यवसायातील मान्यवरांची होती. अण्णा-माईंची जागा तेथेच होती. त्यामागे मित्र, त्यामागे नातेवाईक, आणि दाराजवळ, सर्वांत मागे, वधूवरांचे आई-वडील. आपल्याकडे ज्यांच्यासाठी व्यासपीठावर मखमली कोच मांडतात, ती माणसे येथे शेवटच्या टेबलावर बसली होती. ती यजमान होती आणि यजमानाची जागा पाहुण्यांच्या मागे असते, एवढेच त्याचे कारण.

अडीच तासांत समारंभ पूर्ण झाला. अखेरीस वधूने आई-वडिलांना लिहिलेले पत्र सर्वांसमोर वाचले. भाषा न कळताही माईंचे डोळे भरून आले. पाठवणीला भाषांतर लागत नाही. मग वधूवर आणि दोन्हीकडचे आई-वडील दाराशी ओळीने उभे राहिले आणि प्रत्येक पाहुण्याला वाकून निरोप दिला. तोवर वधूने पांढरा पोशाख बदलून रंगीत किमोनो घातला होता. माईंनी सोबत आणलेला चांदीचा करंडा तिच्या हाती दिला. त्यात सांगलीची हळद होती. वृद्ध यजमानांनी झाकण उघडून वास घेतला आणि नातसुनेला काहीतरी सांगितले. मोत्यांच्या व्यापाऱ्यांनी नंतर त्याचा अर्थ सांगितला: "आपले घर यावर उभे आहे."

येथे एक गोष्ट निष्पक्षपणे नोंदविली पाहिजे. या आटोपशीरपणाची दुसरी बाजूही आहे. शेजारी नाहीत, मुले नाहीत, दुकानातील हमाल नाहीत. नियम इतके काटेकोर आणि खर्च इतका ठरलेला की अनेक जोडपी आता समारंभच टाळतात आणि कचेरीत अर्ज देऊन मोकळी होतात. मुळात लग्नेच कमी होत आहेत. १९७२ मध्ये जपानात सुमारे ११ लाख विवाह झाले. २०२३ मध्ये ती संख्या पाच लाखांच्या खाली आली. याची कारणे नोकरी, वेतन, राहणी अशी अनेक आहेत. तेव्हा 'त्यांचे सारे चांगले, आपले सारे वाईट' असा निष्कर्ष घाईचा ठरेल. अनेकांताची शिकवण घेतलेल्या समाजाने तरी तो काढू नये.

हिशेब

सांगलीस परतल्यावर अण्णांनी अंदाजपत्रक पुन्हा मांडले. जेवण १८०० पानांचे, पानाला ६५० रुपयांप्रमाणे ११ लाख ७० हजार. व्यासपीठ आणि सजावट ९ लाख. रिसॉर्टवरील संगीत ८ लाख. कपडे, मानपान, प्रवास व इतर ८ लाख ३० हजार. एकूण ३७ लाख.

एखाद्याने यादीच कापली असती. अण्णांनी यादीला हात लावला नाही, आणि ते योग्यच होते. त्या १८०० नावांत आपला माल वर्षानुवर्षे याच अडतीवर उतरविणारे शेतकरी होते, तोलार होते, हमाल होते. अडत व्यापाऱ्याची पत तारणावर जेवढी उभी असते, तेवढीच या माणसांच्या विश्वासावर असते; त्यांचे एक वेळचे जेवण हा उधळपट्टीचा खर्च नव्हे. कमी करावयाचे ते पाहुण्याच्या पोटात न जाणारे आणि यजमानालाच उंचावर बसविणारे. व्यासपीठ-सजावट ९ लाखांवरून २ लाखांवर आली. रिसॉर्ट रद्द करावे, असे ठरले.

पण रिसॉर्टवरील संगीत व्याह्यांच्या इच्छेने ठरले होते. अण्णा स्वतः पुण्यास गेले आणि आडपडदा न ठेवता बोलले. "व्याहीसाहेब, हा पैसा माझा नाही, हंगामाचा आहे. फेब्रुवारीत शेतकऱ्याची पट्टी आठ दिवस लांबली तर तो गाडी दुसऱ्याच्या दारी उतरवितो, आणि पुढच्या वर्षीही तेथेच उतरवितो." व्याह्यांना ते प्रथम रुचले नाही. पाहुण्यांना आधीच कळविले आहे, असे ते म्हणाले. कन्येने भावी पतीशी बोलून मध्यम मार्ग काढला: संगीत होईल, पण घराच्या अंगणात, दोन्हीकडच्या निकट मंडळींत. त्याचा खर्च दीड लाख.

अशा रीतीने १३ लाख ५० हजार वाचले. उरलेल्या दीड लाखासाठी कन्येने आपल्या पगारातील शिल्लक देऊ केली. अण्णांनी ती घेतली नाही. दोन वर्षे मागण्याचे टाळलेली जुनी येणी त्यांनी जानेवारीत स्वतः फिरून वसूल केली. कॅश क्रेडिट खात्यातील एक रुपयाही लग्नाकडे वळला नाही. व्याजाचा दर दसादशे १० धरला तरी १५ लाखांवर वर्षाचे दीड लाख वाचले, आणि हंगामाच्या ऐन तोंडावर मर्यादा पूर्ण मोकळी राहिली. चालू भांडवलासाठी मिळालेले कर्ज घरखर्चाकडे वळविणे हा बँकेच्या दृष्टीने दोष आहेच. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो आपल्याच पेवात पाणी सोडण्याचा प्रकार आहे.

लग्नाच्या दिवशी व्यासपीठावर दोनच खुर्च्या होत्या. अण्णा आणि माई भोजनगृहाच्या दाराशी उभे होते. पंगत उठली की प्रत्येकाला हात जोडून निरोप देत होते. तासगावकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याने बाहेर पडताना अण्णांचा हात धरून म्हटले, "शेट, आजवर लई लग्नं जेवलो, पण मालकानं दारात येऊन वाटंला लावलं, असं पहिल्यांदा झालं."

परदेशात पाहिलेले सारे उचलून आणावयाचे नसते आणि सारे नाकारावयाचेही नसते. सोळा पदार्थांच्या ताटाशेजारी उभे राहून पाहुण्याच्या नजरेस नजर देणारा यजमान आपल्याकडेही होता. दिव्यांच्या झगमगाटात तो व्यासपीठावर जाऊन बसला, एवढेच. ज्यांच्या घरी या मोसमात कार्य आहे, त्यांनी यादी जरूर मोठी ठेवावी. फक्त खर्चाच्या प्रत्येक रकमेपुढे एक प्रश्न लिहावा: हे पाहुण्यासाठी आहे की आपल्यासाठी? उत्तर प्रामाणिक असले म्हणजे बेरीज आपोआप आटोक्यात येते.